साठ दरोडेखोर आणि एकही चूल नाही

मावशे, गेल्या रविवारी मी एकटाच पिक्चरला गेलो. तू जाऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते. तेरावं उरकलं, तुझ्या हाताखाली रांधणाऱ्या काशीबाईने खानावळ पुन्हा चालू केली, आणि संपादकांचा निरोप आला की शनिवारच्या अंकाला मजकूर हवा. म्हणून गेलो. आपण बसायचो तिथेच, पडद्याजवळच्या बाकावर बसलो. पिक्चर अगदी तुझ्या पसंतीचा होता. उडणारा घोडा, दोन डोक्यांचा राक्षस, तळघरात कोंडलेली राजकन्या आणि दर पाच मिनिटांनी तलवारींचा खणखणाट. डोळे फाडून सगळं पाहिलं. बाहेर आलो तर डोक्यात एकही मत नाही. मग लक्षात आलं, कधी नव्हतंच.

हे वाचणाऱ्यांना तू कोण ते ठाऊक नाही. हा माझाच प्रताप, त्यावर येतोच. पण आधी त्यांना एवढं सांगायला हवं की तू लालबागला खानावळ चालवायचीस. यजमान गेल्यावर सावंतवाडीकडे परत न जाता दोन चुली मांडल्यास आणि गिरणीतल्या चाळीस माणसांना दोन्ही वेळ जेवायला घातलंस. मी तुझ्या गल्लीपलीकडच्या छापखान्यात प्रुफं तपासणारा. राहायला फणसवाडीत चुलतभावाकडे, पण तिथे फक्त निजायला. जेवण तुझ्याकडे. पहिल्याच दिवशी मी आमटीतली मिरची बाजूला काढली. तू कमरेवर हात ठेवून बघत राहिलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "ह्यो गिरगावातलो बामण खयसून इलो?" मी ब्राह्मण नाही, हे सांगायचा मी पुढे अकरा वर्षं प्रयत्न केला.

रविवारी दुपारी मटण किंवा मासे व्हायचे, भांडी घासून होईतो चार वाजायचे, आणि संध्याकाळी खानावळ बंद. एका रविवारी मी हात धुताना कुणाला तरी म्हणालो की सहाच्या खेळाला जातोय, कुणी येतंय का? गड्यांपैकी कोणी हललं नाही. आतून तुझा आवाज आला, "थांब, माका पण येवचा असा." सगळे हसले. मीही हसलो. तू हिरव्या काठाचं लुगडं नेसून, कमरेला पानाची चंची खोचून दारात उभी राहिलीस तेव्हा हसू मावळलं.

तुला कौटुंबिक पिक्चर आवडायचे नाहीत. सासू छळते, सून झुरते, शेवटी सगळे देवापुढे उभे राहून गातात, त्यात तुला काही राम वाटायचा नाही. "रडाचा तर घरी बसान रडाचा. थय कित्याक जावचा?" असं तू म्हणायचीस. तुला हवे असायचे घोडे, किल्ले, जादूगार, बाटलीतला जिन, हवेत उडणारी सतरंजी. माझे छापखान्यातले मित्र अशा पिक्चरना नाकं मुरडायचे. मीही मुरडायचो, पण जायचो. त्यांच्याजवळ सांगायचो, आमच्या मावशीला घेऊन जावं लागतं. हे पहिलं खोटं.

तेवढ्यात छापखान्यातून निघणाऱ्या आमच्या साप्ताहिकात सिनेमावर लिहिणारे गृहस्थ सोडून गेले आणि संपादक मला म्हणाले, "दत्ताराम, तुम्ही दर रविवारी बघताच, लिहा ना चार ओळी. खाली 'एक प्रेक्षक' म्हणून टाकू." मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढत आलेला माणूस. स्वतःच्या चार ओळी लिहायची वेळ आली तर घाम फुटला. पहिल्या खेपेला लिहिलं की छायाचित्रण चांगलं, कथानक बेताचं, संगीत श्रवणीय. संपादकांनी वाचून फक्त "हं" केलं.

पुढच्या रविवारी तो दरोडेखोरांचा पिक्चर. डोंगरात गुहा, गुहेत खजिना, सरदाराच्या हातात कोयता. साठ दरोडेखोर ओळीने घोड्यांवरून आत शिरले. लोक श्वास रोखून बसलेले. आणि तू मोठ्याने म्हणालीस, "साठ माणसां, आणि चूल एकय दिसाक नाय. ह्यांका जेवण कोण घालता?"

मागचे पुढचे खो खो हसले. तू हसली नाहीस. तुला खरंच काळजी पडली होती. बाहेर आल्यावरही तेच चालू होतं. साठ जणांना भाकऱ्या किती, पाणी कुठून, सरपण कोण आणतं, आणि एवढे पुरुष एका गुहेत राहतात आणि एकही भांडण जेवणावरून होत नाही, हे शक्य आहे का. चाळिसांत रोज दोन होतात. त्या पिक्चरमध्ये शेवटी हिरोने गुहेला आग लावली. तू म्हणालीस, त्यापेक्षा जेवण बंद केलं असतं तर तिसऱ्या दिवशी शरण आले असते.

मी ते शुद्ध करून लिहून काढलं. तुझी मालवणी काढली, 'बारकाईने पाहता असे आढळते' वगैरे घातलं, आणि दिलं. शनिवारी अंक निघाला आणि बुधवारपर्यंत सात पत्रं आली. दादरहून एका मास्तरांनी लिहिलं, इतका ताजा विचार बऱ्याच दिवसांत वाचला नाही. संपादकांनी पाठ थोपटली. मी ओठ मिटून हसलो.

मग सुरूच झालं. जिनाचा पिक्चर आला. कोळ्याला बाटली सापडते, बूच काढतो, धूर होतो, जिन हात जोडून म्हणतो, हुकूम करा. कोळी राजवाडा मागतो. तू पदर तोंडाला लावून हळहळलीस. "हजार वर्सां बाटलेत होतो तो. आधी जेव म्हणान सांगूक नको?" ते मी लिहिलं आणि त्यावर एका बाईंचं पत्र आलं. त्यांच्या सासऱ्यांनी वाचून डोळे पुसले, असं त्यात होतं. सतरंजी हवेत उडते आणि राजकन्येचा पदर जागचा हलत नाही, हे तुझं. हिरो तीन दिवस घोडा दामटतो आणि उतरल्यावर घोड्याकडे ढुंकूनही बघत नाही, हेही तुझं. खलनायकावरून मात्र आपलं जमलं नाही. तुला तो आवडायचा, कारण सगळ्या पिक्चरमध्ये पोटभर जेवताना दिसायचा तो एकटाच. मी समजावायचो, अगं, तो हावरट आहे हे दाखवण्यासाठी त्याला खाताना दाखवतात. तू म्हणायचीस, हिरो उपाशी असतो म्हणून सारखा चिडतो, त्याला कुणी दोन घास घातले तर निम्म्या मारामाऱ्या होणारच नाहीत. हा वाद तसाच राहिला. तुझं म्हणणं मला आजही पटत नाही, पण हल्ली कुणी छापखान्यात आरडाओरडा केला की तो जेवला असेल का, असं मनात येतंच.

मग तो चाबूकवाल्या बाईचा पिक्चर आला. डोळ्यांवर काळी पट्टी, हातात चाबूक, गच्चीवरून उड्या मारणारी. तू टाळ्या वाजवल्यास. माझ्या गुडघ्यावरही दोनदा थाप मारलीस. तिने एकटीने वीस जणांना लोळवलं. शेवटच्या रिळात एकविसावा मागून आला, तिच्या हातातला चाबूक गळून पडला, आणि हिरोने कुठूनसं येऊन त्याला एका ठोशात आडवा केला. लोकांनी हिरोच्या नावाने शिट्ट्या मारल्या. तू ताडकन उठलीस. "वीस जणांक तिनाच मारल्यान ना? मगे एकविसाव्याक ह्यो कित्याक व्हयो?"

तेही मी लिहिलं. फक्त मालवणी काढून, बाकी जसंच्या तसं.

त्यानंतरच्या रविवारी आपण परत येत होतो. तू कोपऱ्यावर थांबलीस, चंची सोडलीस, पान लावत लावत विचारलंस, "दत्तू, पेपरात येता ता माझाच बोलणा मरे?"

मी म्हटलं, "तुझ्यावरूनच सुचतं, मावशी."

"सुचता नाय. तसाच्या तसाच असा. घाडीन वाचून दाखवल्यान."

घाडी म्हणजे तुझ्याकडे जेवणारा गिरणीतला जॉबर, मुकादम, वाचता येणाऱ्यांपैकी एक. तो दर शनिवारी जेवणाआधी सगळ्यांना अंक वाचून दाखवतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"मगे खाली माझा नाव घाल," तू म्हणालीस. रागाने नाही. मीठ दे म्हणावं तसं.

मी हसलो. म्हणालो, "अगं, संपादक नाही घालणार. तिथे टोपणनावच असतं. नियम आहे तसा."

"तू इचारलंस?"

"विचारलं."

मावशे, मी विचारलं नव्हतं. हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. तुझ्या तोंडावर सांगायला अकरा वर्षांतली शेवटची चार वर्षं होती, ती मी घालवली. का विचारलं नाही, तेही सांगतो. दादरच्या मास्तरांना कळेल की जिचं कौतुक केलं ती खानावळवाली आहे, म्हणून नाही. तसं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खरं कारण असं की तुझं नाव आलं असतं तर माझं काय उरलं असतं? प्रुफं तपासणारा. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं लिहिलेलं वाचत होतं.

तू पान तोंडात घातलंस आणि चालू लागलीस. रविवार आला की लुगडं नेसून दारात उभी राहायचीस. पिक्चर बघायचीस. बाहेर आल्यावर मी विचारायचो, "कसा वाटला?" तू म्हणायचीस, "बरो होतो." आठ रविवार फक्त "बरो होतो." एकदा पडद्यावर हत्ती राजवाड्यात घुसला आणि सिंहासनावर बसला, तरी "बरो होतो." माझ्या मजकुरात पुन्हा छायाचित्रण आणि श्रवणीय संगीत आलं. पत्रं थांबली. संपादक म्हणाले, "प्रकृती बरी आहे ना?" मी स्वतःच्या मनाने काही सुचतंय का पाहिलं. परवाही पाहिलं. दोन डोक्यांच्या त्या राक्षसाला जेवायला एक पान वाढायचं की दोन, असं काहीसं सुचलं. पण ते तुझ्यासारखं आहे, तुझं नाही. तू असतीस तर काहीतरी तिसरंच बघितलं असतंस, आणि मला ते काय, हे कधीच कळणार नाही.

मग ते दिवस आले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी गिरगाव दणाणलं होतं, फणसवाडीच्या तोंडाशी अश्रुधूर, चाळीच्या गॅलऱ्यांतून दगड, आणि मग गोळ्या. संचारबंदीत मी चार दिवस घरात कोंडून होतो. पाचव्या दिवशी थोडी सैल झाली तसा चालत लालबागला आलो. छापखाना बंद. तुझ्या दोन्ही चुली पेटलेल्या. घाडीच्या डोक्याला चिंधी बांधलेली, आणि जो येईल त्याच्या पुढ्यात पेज. तू मला बघून फक्त विचारलंस, "जेवलंस?" काय झालं ते काशीबाईने सांगितलं. समोर रस्त्यावर एक माणूस पडला होता. लोक त्याच्यावरून पळत होते. तू आणि ती बाहेर गेलात, त्याला काखेत धरून आत ओढलंत, पाणी पाजलंत. संध्याकाळी कुणी तरी त्याला हातगाडीवर घालून इस्पितळात नेलं. तो वाचला की नाही, कोण होता, कुठला, कधीच कळलं नाही.

थेटरं उघडल्यावर पहिला पिक्चर लढाईचा होता. किल्ल्याला वेढा, शिड्या, उकळतं तेल, आणि माणसं ओळीने खाली पडतायत. हिरो त्यांच्यामधून वाट काढत वर चढला आणि झेंडा लावला. लोक ओरडत होते. आठ रविवारांनंतर तू बोललीस, आणि या खेपेला पडद्याकडे बघून. "पडलेल्यांका कोणच उचलूक नाय. गोष्ट फुडे गेली."

पुढचा माणूस मागे वळून म्हणाला, "आजी, गप बसा ना."

"तू गप. तुझो कोण पडलो काय?"

तो पुन्हा पडद्याकडे वळला. मीही. बाहेर आल्यावर तू मला म्हणालीस, "लिव ता. तुझा काम बंद पडलाहा, माका दिसता." मला वाटलं, माफ केलंस.

मी ते लिहिलं. मालवणी तेवढी काढली, 'बारकाईने पाहता' घातलं नाही. संपादकांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं, आणि पहिल्या पानावर घेतलं. म्हणाले, "दत्ताराम, असं लिहिणं वर्षात एकदाच होतं." तेव्हा सांगता आलं असतं. जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "आभारी आहे."

त्यानंतर चार वर्षं तू पुन्हा मनमोकळी बोलत होतीस. भूत विहिरीतून वर येतं तर ओलं का नसतं, जादूगार शंभर मैलांवरचं आरशात बघतो तर शेजारच्या खोलीतला फितूर त्याला का दिसत नाही. मी लिहीत होतो. नावाचा विषय तू पुन्हा काढला नाहीस, म्हणजे विसरलीस, असं मी ठरवून टाकलं. महाराष्ट्र झाला त्या दिवशी तू सगळ्यांना तांदळाची खीर वाढलीस आणि माझ्या वाटीत दोनदा घातलीस. त्या वेळी तुझ्या अंगात ताप होता, हे काशीबाईने मागाहून सांगितलं. पंधरवड्यात सगळं संपलं. मी इस्पितळात दोनदा आलो. दुसऱ्या वेळी तू विचारलंस, नवीन काय लागलाय? मी पिक्चरचं सांगितलं. मुख्य गोष्ट सोडून सगळं सांगितलं.

परवा संपादकांकडे गेलो. दार लोटून सरळ म्हणालो, साहेब, ही मतं माझी कधीच नव्हती, लालबागच्या एका बाईंची होती, त्या वारल्या, निदान या वेळी खाली त्यांचं नाव घालू द्या. मला वाटलं रागावतील, सदर काढून घेतील. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "घालू द्या काय? अहो, आधीच का नाही विचारलंत? बाईमाणूस, खानावळ चालवणारी, ती असं बघते, हे लोकांना किती आवडलं असतं." मग टाक दौतीत बुडवून म्हणाले, "सांगा. नाव काय?"

मी तोंड उघडलं.

"मावशी," म्हटलं.

"मावशी काय? नाव सांगा."

अकरा वर्षं तुझ्या हातचं जेवलो, दर रविवारी शेजारी बसलो, तुझी दोनशे तरी वाक्यं माझी म्हणून छापली, आणि मला तुझं नाव माहीत नव्हतं. तू 'माझं नाव घाल' म्हणालीस तेव्हा कुठलं, हेदेखील मी विचारलं नव्हतं.  संपादकांनी टाक पुसून ठेवला.

तिथून तडक खानावळीत आलो. दुपारची पंगत बसली होती. घाडीला विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. पाटांवरची सगळी डोकी वर झाली, एकमेकांकडे बघितलं गेलं, आणि चाळीसही माणसांना ठाऊक नव्हतं. कुणी घास घेईना. चुलीपाशी काशीबाई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "भागीरथी. भागीरथी परब."

मग भाकरी तव्यावर टाकून तिने हात झटकले आणि माझ्याकडे बघितलं. "दर शनवारी घाडी वाची, ती आयकी, हसा. आणि वाचून झाला काय इचारी, खाली काय लिवलाहा? घाडी सांगी, 'एक प्रेक्षक'. मगे म्हणी, बरा, दत्तून इचारलाहा, फुडल्या शनवारी घालतीत."

चार वर्षं. मी मोजायला बसलो आणि मोजणं सोडून दिलं. चुकलो मी, मावशे. तू थकली नाहीस आणि मी लाजलो नाही.

हा मजकूर छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याच्या हातात मी स्वतः दिला आणि प्रुफं स्वतः तपासली. तुझं बोलणं या खेपेला कुठेही शुद्ध केलेलं नाही. घाडीला सांगून ठेवलंय, शनिवारी पंगत बसण्याआधी मोठ्याने वाच, आणि खालच्या ओळीपर्यंत वाच. आता विचारणारं कोणी नाही, तरी वाच.

मतं : भागीरथी परब, लालबाग
लिहून घेणारा : दत्ताराम